राखून ठेवलेली टेकडी

वॉटी इमरी आजवर सहाशे दहा टेकड्या चढला होता. देशातल्या टेकड्यांच्या यादीत होत्या सहाशे अकरा. उरलेली एक त्याच्या मागच्या दारापासून सातशे पावलांवर होती, आणि तिच्यामुळे हिवाळ्यात इमरींच्या स्वयंपाकघरात दुपारी अडीचलाच दिवा लावावा लागे.

टेकड्या मोजत हिंडणाऱ्या मंडळींची एक रीत असते. शेवटची टेकडी सोपी ठेवायची. म्हणजे गुडघे गेलेले मित्र, बायको, शेजारीपाजारी, पाद्रीबुवा असे सगळे वर येऊ शकतात. माथ्यावर काठ्या उंच धरून कमान करायची, माणसाला त्या कमानीखालून न्यायचं, मग व्हिस्की आणि केक. वॉटीने ही रीत फारच मनावर घेतली. छत्तीस वर्षांपूर्वी एका संध्याकाळी, खिमा-बटाटे खाता खाता, त्याने बायकोला सांगून टाकलं की मागच्या दारची ही नॉकफारी आपण शेवटी चढायची, दोघांनी मिळून. तोपर्यंत तूही जायचं नाहीस, मीही जाणार नाही.

इशबेल तेव्हा पस्तिशीची होती. नवऱ्याच्या चालीवरून तिने पाच वर्षांचा अंदाज बांधला. पण वॉटी रस्तेखात्यात खड्डे मोजायच्या कामावर होता. सुट्टी काय ती शनिवार-रविवारची. त्यात बेटांवरच्या टेकड्या होत्या, बेटांना बोटी होत्या, आणि बोटी वाऱ्याच्या मर्जीवर होत्या. यादी करणाऱ्यांनी मध्येच पुन्हा मोजणी केली, दोन टेकड्या काढल्या आणि पाच नव्या घातल्या. काढलेल्या दोन्ही वॉटीच्या चढून झालेल्या होत्या. असं करता करता इशबेल एकाहत्तर वर्षांची झाली आणि तिच्या डाव्या खुब्याच्या ऑपरेशनला ऑगस्टचा नंबर लागला. तेव्हा कुठे वॉटीने जूनमधला दुसरा रविवार पक्का केला.

एवढ्या वर्षांत वॉटीने आपला शब्द इंचभरही मोडला नाही. रोज सकाळी तो कुत्र्याला घेऊन नॉकफारीच्या वाटेने जाई आणि दुसऱ्या फाटकापाशी पाठ फिरवी. त्या फाटकातून वरची झाडी दिसते म्हणून तो तिकडे बघतसुद्धा नसे. गावातल्या नव्या माणसांना वाटे, म्हाताऱ्याला धाप लागते.

इशबेलने पाच वर्षं शब्द पाळला. मग एका शनिवारी वॉटी कुठल्याशा बेटावर बोट रद्द झाल्यामुळे अडकून पडला. पोस्टातली नेटा दारात उभी राहिली आणि म्हणाली, वर ब्लेबेरी पिकल्यात, ग्रिझेल डबे घेऊन पुढे गेलीय, येतेस का? त्या वेळी इशबेलच्या हातात नवऱ्याचे सहा ओले मोजे होते. तिने ते तारेवर टाकले आणि ती गेली.

त्यानंतर ती दर शनिवारी गेली. एकतीस वर्षं. बर्फ फारच असला तर, आणि एकदा ग्रिझेलच्या नवऱ्याच्या अंत्यविधीला, एवढेच काय ते खाडे.

वरती झाडी संपते तिथे मोकळं आहे. तिथे एक बाकडं आहे आणि खाली सगळं किनलारी गाव दिसतं. तिघी मैत्रिणी तिथे चहा पीत, गावातल्या प्रत्येकाचा समाचार घेत आणि साडेबारापर्यंत खाली येत. वॉटी रविवारी रात्री घरी येऊन आपली टेकडी किती मीटरची होती ते सांगे. इशबेल ऐकून घेई आणि सूप वाढी.

आता तिचा जीव टांगणीला लागला होता तो यासाठीच. वॉटी भेटवस्तू देणाऱ्यांतला माणूस नव्हे. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला त्याने तिला कपाळावर बांधायची बॅटरी दिली होती, आणि पुढच्याच आठवड्यात तीच उसनी मागून नेली. कोणी न सांगता, आपल्या मनाने त्याने बायकोसाठी बाजूला ठेवलेली एकच गोष्ट जगात होती, ती म्हणजे ही टेकडी. आणि तिने तर ती वापरून वापरून जुनी करून टाकली होती. त्याला हे कळलं तर तो ओरडणार नाही, भांडणार नाही. नुसता गप्प होईल आणि तळघरात जाऊन बुटांना मेण लावत बसेल. इशबेलला तेच नको होतं. त्याला कळता कामा नये, बस्स.

बंदोबस्ताचं काम पोस्टातल्या नेटाने अंगावर घेतलं. तिने सत्तावीस वर्षं पोस्ट चालवलं होतं. कोणती बातमी किती वेळात कुठे पोचते हे तिच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. तिने घरोघरी निरोप दिला: इशबेल नॉकफारीवर कधीही गेलेली नाही. आदल्या दिवशी, म्हणजे शनिवारी, वॉटी मित्रांना आणायला गेल्याबरोबर तिघी नेहमीप्रमाणे वर गेल्या, पण या वेळी पुरावे गोळा करायला. बाकड्याखाली प्लास्टिकच्या पिशवीत इशबेलची लोकरीची उशी असे, ती खाली आणली. फांदीला अडकवलेला तिचा कप आणला. ग्रिझेल म्हणाली की बाकड्याच्या डाव्या टोकाची फळी इशबेलच्या आकाराची झिजलीय, तिचं काय करायचं? नेटा म्हणाली, तिथे पाद्रीबुवांना बसवू.

रविवारी सकाळी अकराला इमरींच्या मागच्या दारी अडतीस माणसं जमली. चौघे वॉटीचे टेकड्यावाले मित्र होते. त्यांचा म्होरक्या मर्डो, उंच, वाळका, खिशात छोट्या दुर्बिणीसारखी लेव्हल बाळगणारा; त्या लेव्हलीतून बघून तो कुठली जमीन कुठल्या जमिनीपेक्षा उंच ते सांगे आणि मग त्यावर कोणाचं काही चालत नसे. बाकी सगळं गाव. एकजण बॅगपाइप घेऊन आला होता. भुरभुर पाऊस होता, म्हणजे हवा चांगली होती.

नेटाच्या निरोपात एक खोट राहून गेली. तिने फक्त इशबेलचं नाव घेतलं होतं, पण गावाने ते जरा जास्तच मनाला लावून घेतलं. इशबेल कधी गेली नाही म्हटल्यावर, आपणही गेलो नाही म्हटलेलं बरं, असा पोक्त विचार प्रत्येकाने आपापल्या घरी केला. परिणामी ज्या टेकडीवर ही माणसं रांगायला लागल्यापासून खेळली, जिथे निम्म्यांनी पहिली सिगरेट ओढली आणि चौथाईंनी लग्नं जमवली, तिच्या पायथ्याशी अडतीसपैकी चौतीस जण अनोळखी प्रदेशात आल्यासारखे उभे होते. अख्खं गाव वेड पांघरून पेडगावला निघालं होतं.

पहिल्या फाटकाशी खाटकाने वॉटीला विचारलं की हे फाटक आत उघडतं का बाहेर. ते फाटक त्याच्या बापाने बसवलेलं होतं. शाळेच्या बाई म्हणाल्या, वर वाट आहे की आपल्यालाच काढायची आहे? सगळ्यात कहर केला लॅकलनने. लॅकलन जंगलखात्यातून निवृत्त झालेला. नॉकफारीवरचं स्प्रूसचं झाड न् झाड त्याने स्वतःच्या हाताने, एका थंड मार्चमध्ये, पाठ मोडेपर्यंत वाकून लावलेलं. तो झाडीकडे बघत गंभीरपणे म्हणाला, "ही कसली झाडं म्हणायची, वॉटी?"

वॉटीला संशय यायला हवा होता. पण छत्तीस वर्षांत गावाने त्याला टेकड्यांबद्दल आपणहून एक प्रश्न विचारला नव्हता, आणि आज सगळे विचारत होते. त्याने नकाशा उघडला, होकायंत्र गळ्यात अडकवलं आणि स्प्रूस कुठून आला, का लावतात, किती वर्षांनी तोडतात हे लॅकलनला समजावून सांगितलं. लॅकलनने दोन शंका विचारल्या. नेटाने तोंडावर रुमाल धरला आणि तिला शिंक आली असं ग्रिझेलने जाहीर केलं.

दुसऱ्या फाटकाशी मात्र इशबेलची पंचाईत झाली. वॉटीबरोबर त्यांचं कुत्रं, हेक्टर, रोज इथून मागे फिरे. इशबेलबरोबर शनिवारी सरळ वर पळे. आज दोघं एकदम. कुत्रं फाटकात उभं राहिलं, वॉटीकडे बघितलं, मागे वळलं, मग इशबेलकडे बघितलं, पुढे वळलं, आणि शेवटी मध्येच बसून कण्हू लागलं.

"त्यालाही कळलंय आज काय आहे ते," वॉटी म्हणाला.

मग त्याने फाटकाच्या कडीला हात लावला, दोन क्षण थांबला, आणि छत्तीस वर्षांत पहिल्यांदा पलीकडे पाऊल टाकलं. इशबेलला इतकं वाईट वाटलं की तिने खुबा दुखत असल्याचं सोंग केलं. सोंगाची तशी गरज नव्हती. तो दुखतच होता.

चढण फार नाही. खाली बर्च, मग नेचे, मग स्प्रूसमधून गेलेला लाकडाच्या गाड्यांचा रस्ता. वॉटी बायकोच्या शेजारून चालत होता आणि दर दहा पावलांना तिला सांगत होता की पुढे दगड आहे, इथे ओल आहे, आता वळण येईल. पुढे दगड आहे हे इशबेलला ठाऊक होतं. तो दगड तिनेच गेल्या साली ओलाव्यात टाकून घेतला होता, पाऊल ठेवायला. ती म्हणत होती, हो का, बरं. वळणावर तिचे पाय सवयीने डावीकडच्या जवळच्या वाटेला लागले, तशी नेटाने मागून तिचा कोट ओढला.

तिचा दम टिकलेला बघून वॉटी चकित झाला होता. कधी टेकडी न चढलेल्या बाईला हे कसं जमतंय म्हणून त्याने मर्डोलाही दाखवलं. डॉक्टरसुद्धा हेच म्हणाले होते, तो म्हणाला. खुबा गेलाय पण पाय घोड्याचे आहेत. स्वयंपाकघरात उभं राहून होतं ते. मर्डोने मान डोलावली. गावाने आभाळाकडे बघितलं.

पाऊण तासाने झाडी संपली, मोकळं आलं, बाकडं आलं. गावाला हायसं वाटलं. वाट न चुकता सगळे एका ठिकाणी आले याचं थोडं आश्चर्य करून झाल्यावर बॅगपाइपवाल्याने पिशवी फुगवली, मंडळींनी दोन रांगा धरून काठ्यांची कमान केली, ग्रिझेलने फडक्यात बांधून उकडलेला मनुकांचा भला मोठा केक सोडला. पाद्रीबुवा बाकड्याच्या डाव्या टोकाला बसले. सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं.

वॉटी कमानीपाशी येऊन थांबला. त्याने नकाशा बघितला, झाडीकडे बघितलं, पुन्हा नकाशा बघितला.

"हा माथा नाही," तो म्हणाला.

बॅगपाइप कुंथत बंद पडला. मर्डोने लेव्हल काढली, डोळ्याला लावली, सावकाश फिरला आणि निकाल दिला: खरा माथा मागे, झाडीत, दोनशे पावलांवर. इथून चार मीटर वर.

आता मात्र गाव सोंग विसरलं. खाटीक म्हणाला की त्याचे आजोबा यालाच माथा म्हणत आणि त्यांचे आजोबाही. शाळेच्या बाई म्हणाल्या, त्या दर वर्षी पोरांना माथ्यावर आणतात, म्हणजे पोरांशी खोटं बोलतात की काय? पाद्रीबुवांनी बाकड्यावरून सुचवलं की चार मीटर परमेश्वराच्या दृष्टीने फार नसावेत. मर्डो म्हणाला, यादीच्या दृष्टीने असतात. नेटाने सगळ्यांना डोळ्यांनी दटावलं, पण वॉटीचं लक्षच नव्हतं. टेकड्यावाला माणूस माथ्याच्या चार मीटर खाली उभा असला म्हणजे त्याला दुसरं काही ऐकू येत नाही.

गावाने ठराव केला की गाव इथेच थांबेल. केक झाडीत न्यायचा नाही. मर्डो आणि त्याचे तिघे पुढे जाऊन वाट पाडतील, मागून नवराबायको जातील.

जायच्या आधी वॉटीने टोपी काढली. दोन शब्द बोलायचे आहेत म्हणाला. वॉटी भाषण करणाऱ्यांतला नव्हता. पुढच्या टेकडीची उंची सोडून त्याने चारचौघांत कधी काही सांगितलं नव्हतं. तो म्हणाला की लोक त्याचं कौतुक करतात सहाशे दहाबद्दल. पण त्याला वाऱ्यावर हिंडायला मिळालं, त्यात कसलं आलंय कौतुक. खरं कठीण काम इशबेलने केलं. रोज भांडी घासताना खिडकीतून ही टेकडी तिच्यासमोर होती, आणि छत्तीस वर्षं तिने त्याच्यासाठी वाट बघितली.

गावातल्या एकानेही टाळी वाजवली नाही. सगळे आपापल्या बुटांकडे बघत होते. वॉटीला वाटलं, भारावले.

झाडीत अंधार होता. लॅकलनने झाडं लावली तेव्हा जमीन आधी नांगरलेली, त्यामुळे आत सगळ्या खोल सऱ्या. वरंब्यावर पाय ठेवावा तर मुळं, सरीत ठेवावा तर घोट्यापर्यंत पाणी. खालच्या वाळलेल्या फांद्या तोंडाला ओरखडत होत्या. वॉटी पुढे होऊन पाठीने फांद्या मोडत होता आणि बायकोसाठी वाट करत होता. चिलटांनी दोघांना शोधून काढलं. एक झाड आडवं पडलं होतं. इशबेलला ते ओलांडता येईना, म्हणून ती त्याच्यावर बसली.

"जमेल," वॉटी म्हणाला. "छत्तीस वर्षं थांबलीस, आता शंभर पावलं."

"वॉटी, बस जरा."

"इथे? ओलं आहे."

"बस म्हणतेय ना."

तो बसला. इशबेलने हातमोजे काढून मांडीवर ठेवले. पुढचं ती सरळ बोलली, किराणा सांगावा तसं. मी इथे आलेय. त्या बाकड्यापाशी. नेटा आणि ग्रिझेलबरोबर. दर शनिवारी.

वॉटीने विचारलं, कुठल्या शनिवारी?

"सगळ्या. तू बेटावर अडकला होतास, ब्लेबेरीच्या वेळेला, तेव्हापासून. एकतीस वर्षं झाली."

झाडीत मर्डोचा आवाज येत होता. तो कोणाला तरी एक बोट डावीकडे सरकायला सांगत होता. वॉटीने झाडाच्या सालीचा तुकडा सोलला, त्याच्याकडे बघितलं, खाली टाकला. मग दुसरा सोलला. गाव जाणतं का, त्याने विचारलं. जाणतं, इशबेल म्हणाली. लॅकलनसुद्धा? लॅकलनसुद्धा. मग वॉटीला आठवलं की त्याने लॅकलनला स्प्रूस समजावून सांगितला होता, आणि त्याचे कान लाल झाले.

इशबेल वाट बघत राहिली. तो उठेल आणि काही न बोलता खाली जाईल, असं तिला वाटलं. तिला हेही वाटलं की एवढी वर्षं पचलं ते आज कशाला ओकायचं होतं? पण ते भाषण ऐकल्यावर तिला गिळवत नव्हतं.

शेवटी वॉटी म्हणाला, "बाकड्यापर्यंतच?"

"हो."

"त्याच्यापुढे कधी? झाडीत?"

"झाडीत कोण मरायला येतंय?"

वॉटीने मोठा श्वास सोडला. त्याचा चेहरा हळूहळू मोकळा झाला. पोस्टात हरवलेलं पार्सल सापडावं तसा. "मग काही झालेलं नाही," तो म्हणाला. "बाकडं चार मीटर खाली आहे. ते धरत नाहीत."

इशबेलच्या छातीवरचा एकतीस वर्षांचा धोंडा उतरला. तो उतरला, एक क्षण बरं वाटलं, आणि लगेच तिला भयंकर राग आला.

"धरत नाहीत म्हणजे?"

"म्हणजे चढाई होत नाही. माथ्याला पाय लागला पाहिजे."

"एकतीस वर्षांचे शनिवार, वॉटी. दीड हजारांच्या वर गेले असतील. ते कुठे गेले मग?"

वॉटीने मनात गुणाकार केला. त्याच्या ओठांवरून तो दिसत होता. उत्तर सहाशे अकराच्या कितीतरी पुढे गेलं, आणि हे त्याला खोटेपणापेक्षा जास्त लागलं असावं, कारण तो घाईघाईने म्हणाला की एकच टेकडी पुन्हा पुन्हा चढली तरी एकदाच धरतात.

"कोण धरतं?"

"यादी."

"तुझ्या त्या यादीत मी आहे का रे कुठे?" इशबेल म्हणाली. "नाही ना? मग मला ती सांगू नकोस."

हे वॉटीने मान डोलावून मान्य केलं. हा त्याचा गुण होता. खड्डा असला की तो खड्डा आहे म्हणे. तो चिलटं मारत बसला. मग त्याने विचारलं की तिथे बसून त्या करतात तरी काय.

चहा पितो, ती म्हणाली. बोलतो. कधी काही बोलत नाही. हिवाळ्यात दहा मिनिटं, उन्हाळ्यात तासभर. दिसतं काय, त्याने विचारलं. इशबेलने सांगितलं की गाव दिसतं, नदीचं वळण दिसतं, आपलं छप्पर दिसतं. तू रविवारऐवजी शनिवारीच परत आलास तर पुलावर तुझी गाडी दिसते, मग आम्ही तिघी पळत सुटतो. असं सहा-सात वेळा झालंय. एकदा ग्रिझेलचा बूट चिखलात राहिला.

वॉटी हसला नाही, पण त्याच्या मिशा हलल्या. एकदा, ऑक्टोबरमध्ये, तो म्हणाला, तू दारात लाल चेहऱ्याने उभी होतीस. मला वाटलं होतं मला बघून.

"तेही होतंच थोडं," इशबेल म्हणाली.

त्याने तिला दोन्ही हातांनी धरून त्या पडलेल्या झाडावरून पलीकडे घेतलं. शंभर पावलांना वीस मिनिटं लागली. मर्डोने माथा शोधून ठेवला होता. दोन स्प्रूसच्या मधे, शेवाळाने माखलेला, उलट्या परातीएवढा उंचवटा, त्याच्यावर एक कुजका बुंधा. तिथून काहीही दिसत नव्हतं. आजूबाजूला चारी दिशांना अगदी तसेच उंचवटे होते, पण ते त्याच्यापेक्षा तळहातभर खाली आहेत, अशी मर्डोने शपथेवर ग्वाही दिली.

वॉटी उंचवट्यासमोर थांबला. चौघे मित्र काठ्या धरून तयार होते. जागा नसल्यामुळे कमान गुडघ्यांवर रांगत खालून जाता येईल एवढीच झाली होती. वॉटी इशबेलला म्हणाला की तू आधी. ती म्हणाली, यादी तुझी आहे. तो म्हणाला की असू दे, पण टेकडी दोघांची ठरली होती. शेवटी दोघांनी एकेक पाय ठेवला, कारण दोनापेक्षा जास्त पाय त्या उंचवट्यावर मावत नव्हते. मर्डोने घड्याळ बघून वेळ लिहिली. वॉटीच्या डोळ्यांत पाणी आलं. इशबेलच्याही आलं, तिच्या डाव्या डोळ्यात चिलट गेलं होतं.

"एवढीच?" ती म्हणाली.

"एवढीच," वॉटी म्हणाला. "बहुतेक सगळ्या अशाच असतात."

हे त्याने तिला सहाशे दहा रविवारांत कधी सांगितलं नव्हतं.

ते बाकड्यापाशी परतले तेव्हा गावाने केक संपवला होता आणि व्हिस्कीला बऱ्यापैकी हात घातला होता. वॉटी लॅकलनसमोर उभा राहिला आणि म्हणाला की झाडं फार दाट लावलीस, गाढवा. लॅकलन म्हणाला, तुला झाडांतलं कळतं ते मी मघाशी ऐकलंच. एवढ्यावरून गावाने काय ते ओळखलं आणि बॅगपाइप पुन्हा सुरू झाला. मग वॉटी बाकड्याच्या मागे जाऊन उभा राहिला आणि बराच वेळ खाली बघत राहिला. पाद्रीबुवांनी त्याला बसायला जागा देऊ केली. तो नको म्हणाला.

पुढचा आठवडा तो तळघरात गेला नाही. बुटांनाही मेण लावलं नाही. यादीत शेवटची खूण केली, कागद घडी घालून खणात ठेवला आणि सोमवार ते शुक्रवार कुंपण रंगवलं.

शनिवारी दहाला नेटा आणि ग्रिझेल मागच्या दारी आल्या, आता उघडपणे. वॉटी अंगणात बूट घालून बसला होता. त्याने नेटाला विचारलं की आज आणखी एक माणूस चालेल का. नेटाने ग्रिझेलकडे बघितलं. दोघी जरा बाजूला गेल्या, इशबेलला बोलावलं, आणि कुंपणापाशी बैठक झाली. एकतीस वर्षांत त्यांच्यात कोणाला घेतलं नव्हतं. खाटकाच्या बायकोने दोनदा विचारलं होतं. ग्रिझेलचं म्हणणं पडलं की पुरुष असला की मोकळेपणा जातो. नेटा म्हणाली, ज्या पुरुषाबद्दल आपण सगळ्यात जास्त बोलतो तोच आला तर बोलायचं कशाबद्दल? इशबेल म्हणाली, मला विचारू नका, मी त्याची बायको आहे.

शेवटी अटींवर ठरलं. मीटर काढायचे नाहीत. नकाशा घरी. सगळ्यात सावकाश चालणाऱ्याच्या चालीने चालायचं, आणि पुढे जायचं नाही. वॉटीने सगळं मान्य केलं आणि होकायंत्र गळ्यातून काढून खिळ्याला अडकवलं.

सगळ्यात सावकाश चालणारी इशबेलच होती; झाडीतल्या सऱ्यांनी तिचा खुबा आणखी दुखावला होता. वॉटीला कोणाच्या मागून चालायची सवय नव्हती. तो दोनदा तिच्या टाचेवर आदळला. निम्म्या वाटेवर त्याने तोंड उघडलं, नेटाने त्याच्याकडे नुसतं वळून बघितलं, त्याने मिटलं. नेच्यांजवळ मंडळींनी त्याच्याबद्दल बोलायला सुरुवात केली. तो आहे म्हणून काही बदललं नाही. फक्त मध्ये मध्ये एखादी तारीख चुकली तर तो ती दुरुस्त करी.

बाकड्यापाशी पोचायला सव्वा तास लागला. तिघी आपापल्या जागी बसल्या. इशबेल डाव्या टोकाला, झिजलेल्या फळीवर, खाली तिची उशी. बाकडं भरलं.

वॉटी थोडा वेळ उभा राहिला. कोणीही सरकलं नाही. मग तो गवतात बसला. गवत ओलं होतं. ग्रिझेलने त्याच्या हातात कप दिला आणि सांगितलं की चहा कडू आहे, साखर फक्त जुन्यांना.